टीसी उतरला, पण कुणामुळे? डोप केलेल्या पातळ फिल्मवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

अतिवाहक फिल्ममध्ये तांब्याच्या जागी शेकडा दोन जस्त घातलं, म्हणजे डोप केलं, फिल्मचा टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली तिचा विद्युतरोध शून्य होतो ते तापमान, नव्वद केल्व्हिनवरून सत्तरवर आला, आलेख छापला आणि खाली लिहिलं, ‘डोपिंगमुळे अतिवाहकता दडपली जाते.’ दर वर्षी कुणीतरी नवा विद्यार्थी असा कागद घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहतो. मी एकच विचारते: जस्तामुळेच, हे कशावरून?

हा प्रश्न खडूसपणाचा वाटतो, पण पातळ फिल्ममध्ये टीसी उतरवायला संशयित भरपूर असतात. ऑक्सिजन कमी पडला, टीसी उतरतो. सब्स्ट्रेटनं, म्हणजे ज्या स्फटिकावर फिल्म वाढते त्यानं, अणूंची जाळी ताणली, उतरतो. हीटर वीस-तीस अंशांनी थंड राहिला, लेसर ज्या गोळीवर मारतो ते टार्गेट अर्धकच्चं होतं, चेंबरच्या खिडकीवर धूर बसून लेसरची ऊर्जा घटली, तरीही उतरतो. टीसी हा एकच आकडा आहे आणि एका आकड्यावरून इतक्या संशयितांतला गुन्हेगार ठरवता येत नाही. तो कसा ठरवायचा एवढंच इथे सांगणार आहे. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पल्स्ड लेसर डिपॉझिशनचं, म्हणजे आमच्या भाषेत पीएलडीचं, यंत्र सांभाळते: लेसरच्या झटक्यांनी टार्गेटची वाफ उडवायची आणि ती तापलेल्या सब्स्ट्रेटवर बसवायची. त्यामुळे उदाहरण माझ्या हातातलं घेते: वायबीसीओ, म्हणजे यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या फिल्ममध्ये जस्त आणि निकेल. याच पदार्थाच्या फिल्म्स बनवून १९८७ साली अमेरिकेतल्या बेलकोअर आणि रटगर्सच्या गटानं पीएलडीला नावारूपाला आणलं. वर्षं उलटली, पण शिकायला यापेक्षा चांगला पदार्थ मला अजून सापडलेला नाही.

आधी थोडं डोक्यात घालून घ्या

शिसं, नायोबियम, लँथॅनम यांसारख्या जुन्या अतिवाहकांमध्ये हिशेब सरळ आहे. चुंबकी नसलेली अशुद्धी टीसीला फारसा धक्का लावत नाही, हे अँडरसननं १९५९ साली दाखवलं. चुंबकी अणू मात्र ज्यांच्यावर अतिवाहकता उभी असते त्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडतो, त्याचं गणित अब्रिकोसोव्ह आणि गोर्कोव्ह यांनी १९६० साली मांडलं. प्रयोग त्याच्याही आधीचा आहे. मथायस आणि सहकाऱ्यांनी १९५८ साली लँथॅनममध्ये शेकडा एक या प्रमाणात एकेक दुर्मिळ मृदा मूलद्रव्य घालून पाहिलं. टीसी सर्वांत जास्त पाडला तो गॅडोलिनियमनं, ज्याचा स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं अंगभूत चुंबकत्व, त्या रांगेत सर्वांत मोठा आहे.

आता हाच नियम वायबीसीओला लावून पाहा. निकेलला स्पिन आहे, जस्ताला नाही, कारण त्याचं डी-कवच पूर्ण भरलेलं. म्हणजे निकेलनं घात करायला हवा आणि जस्त निरुपद्रवी असायला हवं. होतं नेमकं उलट. शेकडा एक जस्तामागे टीसी दहा केल्व्हिनच्या आसपास खाली येतो. निकेलनं त्याच्या निम्म्याहूनही कमी उतरतो.

याची कारणं दोन. पहिलं, क्युप्रेटमधल्या, म्हणजे वायबीसीओसारख्या तांबं-ऑक्सिजनच्या थरांच्या पदार्थांमधल्या, जोडीची लहर डी-प्रकारची असते, तिचं चिन्ह एका दिशेला धन तर दुसऱ्या दिशेला ऋण. इलेक्ट्रॉन कशावरही आदळून दिशा बदलला की धन-ऋण मिसळतं, आदळणारी वस्तू चुंबकी असो वा नसो. जस्त फार जोरात आदळवतं, निकेल हलकेच. दुसरं कारण मला जास्त आवडतं. तांब्याच्या थरात शेजारी-शेजारी असलेले स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला बांधलेले असतात. त्यातून एक तांबं काढून तिथं स्पिन नसलेलं जस्त बसवलं की त्याच्या भोवतालच्या तांब्यांचा ताळमेळ सुटतो आणि त्यांच्यावर उरलेलं चुंबकत्व उघडं पडतं. चुंबकी नसलेल्या अणूनं चुंबक तयार केला! हे यट्रियमच्या एनएमआरमधून, म्हणजे अणुकेंद्राला जाणवणारं चुंबकक्षेत्र मोजून, दाखवणाऱ्या १९९४ सालच्या कामात फ्रान्समधल्या ऑर्सेच्या आलूल यांच्याबरोबर अविनाश महाजन होते, जे पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. जस्ताच्या एकेका अणूभोवती अतिवाहकता कशी ढासळते, याची चित्रं स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपनं २००० साली मिळाली, पण ती बिस्मथच्या क्युप्रेटवरची आहेत.

तेव्हा ‘मी चुंबकी अणू घातला म्हणून अतिवाहकता मेली’ हे वाक्य लिहिण्याआधी हात आवरा. शिवाय अणू बसतो कुठं हेही बघा. जस्त आणि निकेल मुख्यतः तांब्याच्या थरांत जातात. लोह, कोबाल्ट, ॲल्युमिनियम मात्र थरांच्या मधल्या तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्यांतल्या तांब्याची जागा पसंत करतात आणि तिथला ऑक्सिजन इकडे-तिकडे करतात. कोबाल्ट घातल्यावर दिसणारा परिणाम चुंबकाचा की विस्कटलेल्या ऑक्सिजनचा, हे सोडवणं नवशिक्याचं काम नाही. सुरुवात जस्तानं करा. दोन धन भाराच्या तांब्याऐवजी दोन धन भाराचंच जस्त येतं, म्हणून वाहकांची संख्या जवळपास तीच राहते. एक संशयित आधीच कमी झाला.

टार्गेट

वीस ग्रॅमचं, शेकडा दोन जस्ताचं टार्गेट करायचं तर यट्रियम ऑक्साइड ३.३८७ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ११.८४० ग्रॅम, कॉपर ऑक्साइड ७.०१६ ग्रॅम आणि झिंक ऑक्साइड फक्त ०.१४६ ग्रॅम लागतं. तो शेवटचा आकडा पुन्हा वाचा. बावीस ग्रॅमहून जास्त भुकटीत चिमूटभर पांढरी पूड, आणि ती सगळीकडे सारखी पसरली पाहिजे. सगळं एकदम खलात ओतून घोटलं तर ती पसरत नाही, जस्ताचे ठिपके राहतात. आधी झिंक ऑक्साइड थोड्याशा कॉपर ऑक्साइडबरोबर अगेटच्या खलात घोटा, मग त्यात तेवढंच आणखी कॉपर ऑक्साइड, मग आणखी, असं दुप्पट करत जा. सगळं तांबं आत गेल्यावरच यट्रियम आणि बेरियम. फार्मासिस्ट थोडंसं तीव्र औषध भुकटीत असंच दुप्पट करत मिसळतात, तीच रीत.

वजन करण्याआधी यट्रियम ऑक्साइड भट्टीत तापवून कोरडं करा. ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड धरतं आणि आपल्याकडच्या जुलैत तर विचारूच नका. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, हातमोजे आणि मास्क न घालता कुणी डबा उघडलेला मला चालत नाही.

भाजणं ९०० ते ९२० अंश सेल्सिअसला, रात्रभर, मग घोटून पुन्हा, आणि पुन्हा. भुकटी काळी कुळकुळीत व्हायला हवी. खलाच्या कडेला हिरवट झाक दिसली तर ते दुसरंच संयुग आहे, यट्रियम जास्त असलेलं, ज्याला सगळे ‘ग्रीन फेज’ म्हणतात. अजून भाजा. शेवटी गोळी दाबून ९३० ते ९४० अंशांना, ऑक्सिजनच्या प्रवाहात. गोळी ठिसूळ राहिली की लेसरनं तिचे कण उडतात आणि फिल्मवर दाणे बसतात.

निर्डोप, म्हणजे जस्त अजिबात नसलेलं टार्गेट त्याच बाटल्यांतून, त्याच भट्टीत, त्याच आठवड्यात बनवा. गेल्या बॅचचं पडलेलं आहे ते वापरू, असं म्हणू नका.

फिल्म

क्रिप्टॉन फ्लोराइड एक्सायमर लेसर, २४८ नॅनोमीटर. ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला दीड ते दोन जूल, ऑक्सिजन ०.३ ते ०.४ मिलिबार, टार्गेट ते सब्स्ट्रेट चार-पाच सेंटिमीटर, तापमान ७६० ते ८०० अंश. प्रत्येक यंत्राचे स्वतःचे नखरे असतात, तेव्हा आकडे जुळवून घ्यावे लागतील. लेसरच्या पडद्यावर दिसणारी ऊर्जा ही टार्गेटवर पोचणारी ऊर्जा नव्हे. मधल्या क्वार्ट्झच्या खिडकीवर आतून काळपट थर बसत जातो आणि दहाव्या फिल्मपर्यंत ऊर्जा गुपचूप घटलेली असते. ऊर्जामापक खिडकीच्या आतल्या बाजूला धरून मोजा, खिडकी नियमानं पुसा. ठिपक्याचं क्षेत्रफळ काढायला एटीएमची पावती पुरते. टार्गेटच्या जागी तो थर्मल कागद लावून एक पल्स मारा आणि डाग आलेख-कागदावर मोजा.

तापमानाचं तसंच. थर्मोकपल हीटरच्या ठोकळ्यात असतो, फिल्म सब्स्ट्रेटवर असते, आणि मध्ये चांदीची पेस्ट. पेस्ट पातळ-जाड झाली तरी पृष्ठभागाचं तापमान सहज पंधरा-वीस अंश हलतं. म्हणून माझा नियम असा की डोप केलेली आणि निर्डोप फिल्म एकाच दिवशी, एकामागोमाग एक, टार्गेटचं चक्र फिरवून. एका फिल्मला ‘संदर्भ’ म्हणायचा अधिकार तेव्हाच मिळतो.

बनवताना मोठ्या सब्स्ट्रेटशेजारी मॅग्नेशियम ऑक्साइडचा एक छोटा तुकडा चिकटवा. का, ते पुढे कळेल.

ऑक्सिजन: निम्मी भांडणं इथे मिटतात

७८० अंशांना, ०.३ मिलिबारमध्ये उतरलेली फिल्म मुळात अतिवाहक नसते. तिच्यात दर रासायनिक सूत्रामागे ऑक्सिजनचे अणू सहाच्या आसपास असतात आणि पाहिजेत सातच्या जवळ. म्हणून लेसर थांबला की चेंबरमध्ये निदान अर्धा वातावरण दाब ऑक्सिजन भरायचा, ४५० ते ५०० अंशांपर्यंत आणायचं, अर्धा-पाऊण तास तिथेच ठेवायचं आणि मग हळूहळू थंड करायचं. घाईत कुणी ही पायरी अर्धी केली की टीसी पाच-दहा केल्व्हिननं खाली येतो, आणि तो दोष बिचाऱ्या जस्ताच्या माथी लागतो.

याची खातरजमा करायचा उपाय स्वस्त आहे. डोप केलेली आणि निर्डोप, दोन्ही फिल्म्स सिरॅमिकच्या एकाच बोटीत, म्हणजे लांबट तसराळ्यात, ठेवून ट्यूब फर्नेसमध्ये ४५० अंशांना, वाहत्या ऑक्सिजनमध्ये पुन्हा भाजा आणि टीसी परत मोजा. डोप केलेल्या फिल्मचा टीसी वर चढला, तर आधीच्या घसरणीतला तेवढा भाग ऑक्सिजनचा होता. जस्तानं केलेलं नुकसान भाजून भरून येत नाही. दुसऱ्या भाजणीनंतर दोन्ही फिल्म्सचे टीसी जागचे हलले नाहीत, तरच पुढे जा.

दुसरी खूण एक्सरे डिफ्रॅक्शनमध्ये सापडते. ऑक्सिजन पूर्ण असेल तर सी-अक्ष, म्हणजे स्फटिकाच्या एकक कोशाची उंची, ११.६८ अँगस्ट्रॉमजवळ, ऑक्सिजन सहावर आला तर ११.८३ जवळ. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी पाहिलं तर ००५ हे, सी-अक्षाच्या पाचव्या हिश्शाचं, शिखर ३८.५ अंशांवरून ३८.० कडे सरकतं. अर्धा अंश म्हणजे भरपूर.

इथे एक सापळा आहे. सब्स्ट्रेट स्ट्रॉन्शियम टायटनेट असेल तर त्याची जाळी ३.९०५ अँगस्ट्रॉम, आणि वायबीसीओच्या सी-अक्षाचा तिसरा हिस्सा ३.८९. म्हणून ००३ आणि ००६ ही शिखरं सब्स्ट्रेटच्या शिखरांच्या पोटात शिरतात. ४६.५ अंशांजवळच्या त्या उंच टोकाला फिल्मचं समजून सी-अक्ष काढला की उत्तर नेहमी ‘छान’ येतं, कारण तुम्ही सब्स्ट्रेट मोजलेला असतो. ००५ आणि ००७ वापरा. सब्स्ट्रेटचं शिखर फक्त यंत्राची शून्यरेषा तपासायला घ्या. आणि लक्षात असू द्या, फिल्म आडवी ताणली गेली तर सी-अक्ष आखडतो. म्हणून एकट्या सी-अक्षावरून ऑक्सिजन ठरवायचा नाही, निर्डोप बहिणीशी तुलना करूनच.

जस्त फिल्ममध्ये आहे का?

टार्गेटमध्ये शेकडा दोन होतं म्हणून फिल्ममध्येही तेवढंच असेल, असं धरणारे पुष्कळ. जस्त उडून जाणारं आहे, ७८० अंशांच्या सब्स्ट्रेटवरून ते काही प्रमाणात निसटू शकतं. मोजायलाच हवं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जोडलेला, नमुन्यातून निघणाऱ्या एक्सरेंवरून मूलद्रव्यं ओळखणारा ईडीएक्स सगळ्यांच्या हाताशी असतो, आणि याच कामाला तो तोकडा पडतो. जस्ताची के-अल्फा रेषा ८.६४ केईव्हीला, तांब्याची के-बीटा ८.९० ला. तांबं पन्नासपट असताना त्या के-बीटाच्या पायथ्याशी जस्ताचा लहानसा उंचवटा विश्वासानं मोजता येत नाही. भरीला स्ट्रॉन्शियम टायटनेटवर टायटॅनियमची के-रेषा ४.५१ आणि बेरियमची एल-रेषा ४.४७, दोन्ही एकमेकांवर. म्हणजे बेरियमचं प्रमाणही गेलं. लँथॅनम ॲल्युमिनेट घेतलं तर लँथॅनम बेरियमच्या वाटेत येतं. त्यासाठीच तो मॅग्नेशियम ऑक्साइडचा तुकडा, त्यात बेरियमशी भांडणारं काही नाही.

रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंगचा, म्हणजे फिल्मवर आयन आदळवून परतणारे मोजायच्या रीतीचा, आग्रहही धरू नका. तांबं आणि जस्त वजनानं इतके शेजारी आहेत की ते वेगळे दिसत नाहीत. सरळ मार्ग विध्वंसक आहे: तुकड्यावरची फिल्म पातळ नायट्रिक आम्लात विरघळवा आणि द्रावण आयसीपी-एमएसला, म्हणजे द्रावणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला, द्या. एक तुकडा गमावला, पण आलेखाच्या आडव्या अक्षावरचा आकडा खरा झाला.

रोध-तापमान आलेख कसा वाचायचा

चार टोकांची मोजणी, सोन्याचे पॅड, विद्युतप्रवाह दहा ते शंभर मायक्रोॲम्पिअर. प्रवाहाची दिशा उलटसुलट करून सरासरी घ्या, नाहीतर तारांच्या जोडावरचं औष्णिक व्होल्टेज तुमच्या रोधात मिसळतं. मिनिटाला एक केल्व्हिनपेक्षा वेगानं जाऊ नका. थंड करताना आणि गरम करताना टीसी वेगळा दिसला तर नवा भौतिक परिणाम सापडला असं समजू नका, तापमापक फिल्मच्या मागे पडतोय.

सगळ्यांची नजर रोध शून्य होतो त्या जागी जाते. माझी नजर आधी १५० ते ३०० केल्व्हिनच्या सरळ रेषेवर जाते, कारण गुन्हेगाराच्या पावलांचे ठसे तिथं असतात.

चांगल्या निर्डोप फिल्मची ती रेषा जवळपास सरळ असते आणि शून्य केल्व्हिनपर्यंत लांबवली तर मूळबिंदूजवळ येते. जस्त घातलं की रेषा स्वतःला समांतर वर उचलली जाते: उतार तोच, छेद मोठा. कारण वाहक तेवढेच आहेत, फक्त त्यांना वाटेत आदळायला एक नवी, तापमानावर अवलंबून नसलेली गोष्ट मिळाली आहे. ऑक्सिजन कमी असेल तर उतारच वाढतो, आणि खाली येताना रेषा सरळ न राहता एस आकारात वाकते. टीसी दोन्हीकडे ६० असेल, पण वरची रेषा वेगळंच बोलते.

यावर हुशार विद्यार्थी विचारतो, ‘ताई, फिल्मची जाडीच चुकली असेल तर? किंवा बारीक भेगा असतील तर?’ बरोबर प्रश्न. तसं झालं तर अख्खा आलेख एका पटीनं ताणला जातो, उतारही आणि छेदही. म्हणून छेदाला उतारानं भागा. येणारं उत्तर केल्व्हिनमध्ये असतं आणि त्यात जाडी, लांबी, भेग, सगळं कटतं. जस्ताच्या प्रमाणासमोर हा भागाकार मांडला आणि सरळ रेषा आली, तर तुमचा जस्ताचा दावा पहिल्यांदा पायावर उभा राहिला. मला टीसीच्या आलेखाआधी हा आलेख पाहायचा असतो.

हॉल परिणाम, म्हणजे चुंबकक्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेला येणारं व्होल्टेज, मोजायची सोय असेल तर सोडू नका. जस्त घातलेल्या वायबीसीओच्या स्फटिकांवर प्रिन्स्टनच्या चिएन, वांग आणि ओंग यांनी १९९१ साली दाखवलं की हॉल कोनाचा कोटॅन्जंट तापमानाच्या वर्गाबरोबर सरळ रेषेत जातो, आणि जस्तानं ती रेषा समांतर वर सरकते. फिल्मवरही हेच करून पाहा. ऑक्सिजनच्या चोरीपासून वेगळं ओळखायला याहून स्वच्छ कसोटी माझ्या माहितीत नाही.

रोध शून्य झाला म्हणजे सगळी फिल्म अतिवाहक झाली असंही नव्हे. विजेला एक अखंड वाट मिळाली, इतकंच. फिल्म दोन छोट्या गुंडाळ्यांच्या मध्ये ठेवून एकीतून दुसरीत जाणारा संकेत मोजला तर मोठ्या भागाचा जाब मिळतो. मुंबईत टीआयएफआरमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटानं नायोबियम नायट्राइडच्या फिल्म्सवर हीच पद्धत फार नेटानं वापरली आहे. जस्ताच्या बाबतीत तर ती हवीच, कारण प्रत्येक जस्ताभोवतीचा थोडा भाग अतिवाहकतेतून बाद होतो.

चुंबकत्व मोजायला निघण्याआधी कागदाच्या पाठीवर हिशेब

‘फिल्म स्क्विडमध्ये टाकून जस्ताचे चुंबक मोजू या’ ही सूचना दर वेळी येते; स्क्विड म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणारं यंत्र. आधी हा हिशेब करा.

फिल्म पाच बाय पाच मिलिमीटर, जाडी १०० नॅनोमीटर. घनफळ २.५ गुणिले १० चा उणे सहावा घात, घन सेंटिमीटरमध्ये. एका एकक कोशाचं घनफळ १७३ घन अँगस्ट्रॉम, म्हणजे कोश साधारण १.४ गुणिले १० चा सोळावा घात. प्रत्येक कोशात तीन तांबी, शेकडा दोन जस्त, म्हणजे जस्ताचे अणू सुमारे ९ गुणिले १० चा चौदावा घात. प्रत्येकाभोवती एका बोर मॅग्नेटॉनचा चुंबक धरला, तरी १०० केल्व्हिनला, एक टेस्लात, उष्णतेच्या हिंदकळण्यामुळे त्याचा चारशेवा भागही एका दिशेला वळत नाही. हाती येतं सुमारे २ गुणिले १० चा उणे आठवा घात एमू (चुंबकी संकेताचं एकक). स्क्विडच्या क्षमतेच्या अगदी काठावर.

आता सब्स्ट्रेट. तो अर्धा मिलिमीटर जाड, घनफळ फिल्मच्या पाच हजार पट. त्याचा प्रतिचुंबकी संकेत त्याच टेस्लात १० च्या उणे पाचव्या घाताच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या संकेताच्या हजारो पट. वजाबाकी करून हे निघेल अशी आशा धरू नका. टीसीखाली तर फिल्मचाच प्रतिचुंबकी संकेत सगळं गिळून टाकतो.

आणि तरीही संकेत दिसला? तर सर्वांत आधी चिमट्याकडे पाहा. डब्लिनच्या एका गटानं २००४ साली हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये, जिथे चुंबकी अणूच नाही, चुंबकत्व दिसल्याचं प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी दाखवलं की स्वच्छ हाफ्नियम ऑक्साइडला चुंबकत्व नाही, पण स्टीलच्या चिमट्यानं हाताळल्यावर तसाच संकेत येतो. आमच्याकडे म्हणून चुंबकी मोजणीचे नमुने फक्त प्लास्टिकच्या किंवा सिरॅमिकच्या चिमट्यानं धरतात, आणि सब्स्ट्रेटच्या मागची चांदीची पेस्ट घासून काढल्याशिवाय आत जाऊ देत नाही. कोरा सब्स्ट्रेटही तसाच तापवून, तसाच पुसून आधी मोजायचा.

आणखी दोन भुतं ओळखून ठेवा. ५० केल्व्हिनच्या आसपास उंचवटा दिसला तर तो बहुधा नमुन्याच्या नळीत गोठलेल्या ऑक्सिजनचा. हवा नीट काढलेली नाही. आणि भुकटीच्या नमुन्यात थंडीत वर चढणारी शेपटी दिसली तर बेरियम क्युप्रेटचा अंश तपासा. तो नेमका सुट्या चुंबकांसारखा वागतो आणि जस्ताची नक्कल करतो.

मग फिल्ममधलं चुंबकत्व पाहायचं कसं? स्थानिक चुंबकांसाठी त्याच टार्गेटची भुकटी घेऊन एनएमआर करा, तिथे नमुना ग्रॅमभर असतो. खुद्द फिल्मसाठी मंद म्युऑनांचा, म्हणजे स्थानिक चुंबकक्षेत्र टिपणाऱ्या अल्पायुषी कणांचा, किरण लागतो, तो स्वित्झर्लंडमध्ये पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि वेळ मिळवायला प्रस्ताव लिहावा लागतो. तुमच्या विद्यापीठात स्क्विडसुद्धा नसेल तर इंदूरच्या यूजीसी-डीएई केंद्राकडे अर्ज करा, विद्यापीठांतल्या लोकांसाठीच ते आहे.

पदार्थ बदलला तर

कृती जशीच्या तशी उचलू नका. यट्रियमच्या जागी कॅल्शियम घातलं तर वाहक वाढतात, टीसी उतरतो, पण दोन दाण्यांच्या सांध्यातून जाणारा प्रवाह वाढू शकतो. जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या गटानं हे १९९९-२००० च्या सुमारास दाखवलं. म्हणजे ‘टीसी उतरला म्हणजे फिल्म बिघडली’ हेही दर वेळी खरं नाही. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटमध्ये ताणाकडे विशेष लक्ष द्या. लोके आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली त्याची कमी डोपिंगची फिल्म जाळी दाबणाऱ्या सब्स्ट्रेटवर वाढवून टीसी २५ वरून ४९ केल्व्हिनवर नेला, डोपिंगला हात न लावता. तिथे दोन वेगळ्या सब्स्ट्रेटवरच्या फिल्म्सची तुलना करून डोपिंगबद्दल बोलणं म्हणजे निव्वळ थापा. निओडिमियम-सेरियम क्युप्रेटमध्ये तर भाजणंच उलटं. तिथे निर्वातात ऑक्सिजन थोडा काढून घ्यावा लागतो, नाहीतर प्रतिलोहचुंबकत्व हटत नाही आणि अतिवाहकता उगवत नाही.

किती फिल्म्स करायच्या

जस्त शून्य, शेकडा अर्धा, एक, दोन, तीन. शेकडा तीन निकेलची एक फिल्म. आणि एक अशी, जी बहुतेक जण विसरतात: जस्त नसलेली, पण मुद्दाम ऑक्सिजन कमी केलेली, शेकडा तीन जस्ताच्या फिल्मइतक्याच टीसीची. सत्तर केल्व्हिनची जोडी जुळवायला जाऊ नका. ऑक्सिजनबरोबर टीसी तिथे उभ्या कड्यासारखा बदलतो आणि नेम लागत नाही. साठजवळ मात्र सपाटी आहे, ऑक्सिजन ६.६ ते ६.७ च्या दरम्यान कुठेही असला तरी टीसी साठीतच राहतो. शेकडा तीन जस्तही तुम्हाला तिथेच कुठेतरी नेऊन सोडतं. मग साठ केल्व्हिनच्या दोन फिल्म्स, एकीत जस्त आणि दुसरीत ऑक्सिजनची उणीव, त्यांचे रोध आणि हॉल कोन एकाच कागदावर काढा. परीक्षकानं काहीही विचारलं तरी त्या कागदावर बोट ठेवता येतं.

मोजून झालेल्या फिल्म्स सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्येच ठेवा, आणि जेल गुलाबी झालं की त्याच दिवशी भाजून निळं करा. दमट हवेत वायबीसीओच्या पृष्ठभागावर बेरियम कार्बोनेट साचतं. जूनमध्ये मोजलेली फिल्म सप्टेंबरात पुन्हा मोजून टीसी घसरला म्हणून माझ्याकडे येणार असाल, तर आधी ती ठेवली कुठे होती ते सांगा.